ठेवीचा धर्म

मनुष्याला आपल्या वस्तूविषयीं दोन इच्छा असतात. ती हाताशीं असावी ही एक, आणि ती सुरक्षित असावी ही दुसरी. या दोन इच्छांचें परस्परांशीं फारसें पटत नाहीं. जी वस्तु हाताशीं असते ती हरवते, फुटते, चोरीला जाते. आणि जी सुरक्षित असते ती बहुधा दुसऱ्याच्या तिजोरींत असल्यामुळें वेळेला मिळत नाहीं. अंगावरचे दागिने आणि पेढींत ठेवलेले दागिने यांत गृहिणीला निवड करावी लागते ती यामुळेंच. आपल्या काळांत मात्र असें एक साधन निघालें आहे कीं, तें या दोन्ही इच्छा एकदम पुरविण्याची हमी देतें. आपलीं पत्रें, छायाचित्रें, टिपणें, हिशेब आणि पत्ते हें सर्व खिशांतल्या मोबाईलवर, टेबलावरच्या संगणकावर आणि परगांवीं असलेल्या मुलीच्या हातांतल्या यंत्रावर एकाच वेळीं, एकाच रूपांत असावें. एक यंत्र मोडलें तरी कांहीं बिघडूं नये. अशी ही योजना आहे. तिला लोक ‘क्लाउड’ म्हणतात, आणि निरनिराळ्या यंत्रांवरील मजकूर एकसारखा राखण्याच्या क्रियेला ‘सिंक’ करणें म्हणतात.

नांव मोठें काव्यमय आहे. वस्तुतः तेथें मेघ नाहीं आणि आकाशही नाहीं. कोठें तरी एक भक्कम इमारत आहे, तींत हजारों संगणक अहोरात्र चालू आहेत, ते थंड ठेवण्यासाठीं वीज आणि पुष्कळदां पाणीही खर्च होत आहे, आणि त्या सर्वांचा कोणी एक मालक आहे. कालिदासाच्या यक्षानें मेघावर एक निरोप सोंपविला होता. आपण साऱ्या घरादाराची स्मृति सोंपविली आहे. आपण कोणाशीं बोलत आहों याचें भान यक्षाला विरहामुळें उरलें नव्हतें. आपल्याला ती सबब सांगतां येणार नाहीं.

या साधनाविषयींच्या तक्रारी आतां घरोघर ऐकूं येतात. एकाच मनुष्याचें नांव पत्त्यांच्या यादींत तीनदां उमटतें. प्रवासांत केलेलें टिपण घरीं आल्यावर संगणकावर सांपडत नाहीं, आणि संगणकावर दुरुस्त केलेला मजकूर मोबाईल पुन्हां जुना करून ठेवतो. या झाल्या किरकोळ कटकटी. परंतु आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांत घडलेली गोष्ट किरकोळ म्हणतां येणार नाहीं. तेथें आईनें आपल्या मोबाईलवर जागा उरली नाहीं म्हणून जुनीं छायाचित्रें पुसून टाकलीं. तिची समजूत अशी कीं, मुलानें तीं ‘वर’ ठेवलेलीं आहेतच. तीं वर होतीं हें खरें. पण खालचें पुसलें म्हणजे वरचेंही पुसलें जातें, आणि वरचें गेलें म्हणजे ज्या ज्या यंत्रावर तें उतरलें होतें तेथूनही जातें, हें तिला कोणीं सांगितलें नव्हतें. पुसलेलीं चित्रें महिना दोन महिन्यांच्या ठराविक मुदतींत परत आणतां येतात. ती मुदत टळून गेल्यावर मुलीनें वडिलांचें शेवटच्या दिवाळींतलें छायाचित्र शोधलें, तेव्हां तें कोठेंच नव्हतें. आईनें अपराध केला असें कोणी म्हणेल काय? तिनें आपल्या कपाटांतली एक वस्तु काढून टाकली. ती सर्वांच्या कपाटांतून नाहींशी झाली.

अशा प्रसंगीं यंत्रें करणाऱ्यांना दोष देऊन मोकळें होणें सोपें आहे. आणि त्यांचा दोष कधींच नसतो असेंही नाहीं. परंतु या तक्रारींचा एक भाग असा आहे कीं, तो कोणाच्या निष्काळजीपणांतून आलेला नसून विषयाच्या स्वरूपांतूनच आलेला आहे. एक भाऊ पुण्यास आणि दुसरा रत्नागिरीस राहतो, आणि दोघे मिळून चालविलेल्या एका धंद्याची कीर्द दोघेही आपापल्या वहींत लिहितात, अशी कल्पना करा. रोजचें टपाल चालू आहे तोंवर दोन्ही वह्या जुळतात. पुढें घाटांत दरड कोसळून टपाल चार दिवस बंद पडलें. आतां दोनच मार्ग उरतात. टपाल सुरू होईपर्यंत वहींत एकही ओळ लिहूं नये, हा एक. अथवा दोघांनींही लिहीत जावें आणि वह्या जुळणार नाहींत हें पत्करावें, हा दुसरा. तिसरा मार्ग नाहीं. एरिक ब्रूअर या संगणकशास्त्रज्ञानें २००० सालीं ही गोष्ट अनुमान म्हणून मांडली, आणि सेथ गिल्बर्ट व नॅन्सी लिंच यांनीं २००२ सालीं ती गणिताच्या रीतीनें सिद्ध केली. त्याच्याही पुष्कळ आधीं, १९७८ मध्यें, लेस्ली लॅम्पोर्ट यांनीं दाखवून दिलें होतें कीं, दूरदूरच्या यंत्रांवर घडलेल्या कोणत्याही दोन घटनांविषयीं ‘ही आधींची, ती नंतरची’ असें नेहमींच म्हणतां येत नाहीं. एकीचा निरोप दुसरीपर्यंत पोंचलाच नसेल तर त्यांचा क्रम ठरविण्यास आधारच राहत नाहीं.

म्हणजे दोन वह्या जेव्हां जुळत नाहींत तेव्हां कोणती खरी धरावयाची हें सांगणारा कोणी तरी लागतोच; आणि येथें हा विषय गणिताचा न राहतां नीतीचा होतो. पुष्कळ ठिकाणीं यंत्राला शिकविलेला सोपा नियम असा असतो कीं, जो लेख शेवटचा तोच खरा. मृत्युपत्रापुरता हा नियम योग्य आहे, कारण तेथें माणसाची शेवटची इच्छा हीच पाहावयाची असते. परंतु तो स्मृतीला लावून कसें चालेल? आजीनें सांगितलेली कृति सुनेनें सोयीसाठीं बदलली म्हणून आजीची कृति खोटी ठरत नाहीं. तारुण्यांत लिहिलेलें पत्र उतारवयांत खोडून टाकावेंसें वाटतें. तरी तें एकदां लिहिलें होतें हें सत्य उरतेंच. याहून वेगळी रीतही आहे. कांहीं व्यवस्था दोन्ही लेख राखून ठेवतात आणि ‘येथें विरोध आहे, निवाडा तुम्हीच करा’ असें मालकाला कळवितात. २०११ मध्यें मार्क शापिरो आणि त्यांचे सहकारी यांनीं तर अशा रचनांचें शास्त्र मांडलें कीं, ज्यांत वेगवेगळ्या जागीं झालेले फेरफार कोणत्याही क्रमानें येऊन पोंचले तरी अखेर सर्वत्र एकच निष्पत्ति होते. आणि अशा रचनेंत दोन्ही बाजूंची भर राखणेंही शक्य असतें. या रीतीला श्रम अधिक लागतात, पण ती मालकाच्या विवेकाला मान देते. हे नियम निवडणारा कारागीर आपण केवळ सोय पाहत आहों असें समजत असेल. वस्तुतः तो लक्षावधि घरांच्या आठवणींचा न्यायाधीश होऊन बसलेला असतो.

या ठिकाणीं प्रत आणि प्रतिबिंब यांतला भेद ध्यानांत घेतला पाहिजे. प्रत मुळापासून सुटून स्वतःचें आयुष्य जगते; प्रतिबिंब मुळाबरोबर हलतें आणि मुळाबरोबर मरतें. आपल्या पूर्वजांनीं पोथ्या उतरून घेतल्या त्या प्रती होत्या. काश्मीरची पोथी जळाली तरी केरळांतली राहत असे. त्या एकमेकींशीं जुळत नसत हा त्यांचा दोष मानला जातो. परंतु पुण्याच्या भांडारकर संस्थेनें १९१९ मध्यें महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें काम हातीं घेतलें आणि १९६६ मध्यें तें पुरें केलें, तेव्हां बाराशेंहून अधिक हस्तलिखितें तिच्या कामीं आलीं, तीं या भिन्नतेमुळेंच. एकींत गळलेला श्लोक दुसरींत होता, आणि एकींत घुसडलेला तिसरींत नव्हता; म्हणून पंडितांना जुना पाठ शोधतां आला. त्या सर्व पोथ्या जर परस्परांचीं प्रतिबिंबें असत्या, तर एखाद्या लेखकाच्या हातून पुसला गेलेला अध्याय त्याच रात्रीं साऱ्या भरतखंडांतून पुसला गेला असता, आणि तो कधीं काळीं होता हेंही कोणाला कळलें नसतें. सिंक हें प्रतिबिंब आहे. लोक त्याला प्रत समजतात, आणि बहुतेक दुःख या एका गैरसमजांतून उत्पन्न होतें.

प्रतिबिंबाचा दुसरा धर्म असा कीं, आरसा ज्याच्या हातीं असेल त्याची त्यावर सत्ता चालते. २००९ च्या जुलै महिन्यांत ॲमेझॉन कंपनीनें जॉर्ज ऑर्वेल याच्या ‘१९८४’ आणि ‘ॲनिमल फार्म’ या दोन पुस्तकांच्या विकत दिलेल्या प्रती ग्राहकांच्या किंडल यंत्रांवरून परस्पर काढून घेतल्या आणि त्यांचे पैसे परत केले. ज्यानें त्या विक्रीस ठेवल्या होत्या त्याला तसा हक्क नव्हता, हें कंपनीचें कारण खरें होतें. परंतु एक विद्यार्थी त्या पुस्तकाचा अभ्यास करीत होता, आणि ज्या ओळींना धरून त्यानें टिपणें केलीं होतीं त्या ओळीच निघून गेल्यामुळें टिपणें निराधार झालीं. पुढें कंपनीचे प्रमुख जेफ बेझोस यांनीं जाहीर क्षमा मागितली. क्षमा मागितली हें त्यांस भूषणावह आहे. तथापि त्या दिवशीं लोकांना जें समजलें तें क्षमेनें पुसलें जाण्यासारखें नव्हतें. आपल्या कपाटाला दुसरी एक किल्ली आहे, आणि ती आपल्यापाशीं नाहीं, हें त्यांना समजलें.

यावर कोणी म्हणेल कीं, मग सर्व कांहीं आपल्या घरींच ठेवावें. हा उपदेश करणाऱ्यानें घर म्हणजे काय याचा विचार केलेला दिसत नाहीं. वाळवी, पावसाळा, उंदीर, आग आणि वारसांची उदासीनता यांनीं घरांतल्या कागदांचा जेवढा संहार केला असेल तेवढा कोणत्याही कंपनीनें केलेला नाहीं. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून मुठेचें पाणी पुण्यांत शिरलें, तेव्हां नदीकांठच्या किती तरी कुटुंबांच्या वह्या, पत्रें आणि तसबिरी काहीं तासांत गेल्या. त्यांची एकेक प्रत दुसऱ्या शहरीं असती तर आज तीं घरें आपल्या आज्यापणज्यांचे चेहरे पाहूं शकलीं असतीं. दूर ठेवलेली प्रत हें खरोखर वरदान आहे. आणि दूर प्रत ठेवावयाची तर ती कोणाच्या तरी हातीं द्यावी लागणारच. तेव्हां दुसऱ्यावर विश्वास टाकावा कीं टाकूं नये, हा प्रश्नच नव्हे. ज्याच्यावर विश्वास टाकला त्याचा धर्म कोणता, आणि ज्यानें टाकला त्याचा कोणता, हा प्रश्न आहे.

आपल्याकडे ठेवीचा विचार फार जुना आहे. मनुस्मृतींत व्यवहाराचीं अठरा पदें सांगितलीं आहेत, त्यांत ऋणादानाच्या खालोखाल निक्षेपाला स्थान आहे. याज्ञवल्क्यस्मृतींत ‘उपनिधि’ नांवाचा एक खास प्रकार सांगितला आहे: आंत काय आहे हें न सांगतां, बंद करून दुसऱ्याच्या हातीं दिलेली ठेव. ती जशी दिली तशीच परत केली पाहिजे, हा पहिला नियम. राजानें नेली, दैवी आपत्तींत गेली किंवा चोरांनीं पळविली, तर ती भरून देण्याची जबाबदारी राखणदारावर नाहीं, हा दुसरा. परंतु मालकानें मागितल्यावर जो देत नाहीं, त्याच्याकडून ती पुढें अशा कारणानें नष्ट झाली तरी भरून घ्यावी आणि तितकाच दंडही करावा, हा तिसरा. आणि मालकाला न विचारतां जो ठेवीवर आपली उपजीविका चालवितो, त्याला दंड करून ठेव वृद्धीसह परत करावयास लावावी, हा चौथा. विज्ञानेश्वरानें ज्या स्मृतीवर ‘मिताक्षरा’ लिहिली ती हीच. ज्या समाजांत बँका नव्हत्या आणि कुलपेंही बेताचींच होतीं, त्या समाजानें ही बारीक नजर ठेवली होती.

आजच्या राखणदारांना या चार नियमांनीं मोजून पाहावें. ठेव जशीच्या तशी परत करण्याऐवजीं कांहीं सेवा जागा वांचविण्यासाठीं छायाचित्रें दाबून लहान करतात. मूळ बारकावा पुन्हां मिळत नाहीं. आपत्तीविषयीं त्यांच्या करारपत्रांत इतक्या सवलती असतात कीं, राजा, दैव आणि चोर यांच्या जोडीला त्यांची स्वतःची हयगयही बसूं शकेल. मागितल्यावर परत देण्याचें म्हणाल, तर युरोपांत २५ मे २०१८ पासून आपली माहिती वापरण्याजोग्या रूपांत परत मागण्याचा आणि दुसरीकडे नेण्याचा हक्क कायद्यानें मिळाला आहे. भारतांत २०१९ च्या विधेयकांत असा हक्क होता. २०२३ मध्यें संमत झालेल्या कायद्यांतून तो गळला. याच कायद्यानें राखणदाराला इंग्रजींत ‘फिड्युशियरी’, म्हणजे विश्वस्त, असें नांव दिलें आहे. विश्वस्त म्हणावयाचें आणि ‘माझें मला उचलून नेऊं दे’ असें म्हणण्याचा हक्क मात्र द्यावयाचा नाहीं, यांतली विसंगति याज्ञवल्क्याच्या तिसऱ्या नियमाला मानवली नसती. चौथ्याविषयीं एकच उदाहरण पुरे आहे. जीमेलमधील पत्रांचा मजकूर जाहिराती निवडण्यासाठीं चाळणें बंद करीत असल्याचें गूगलनें २०१७ मध्यें जाहीर केलें. म्हणजे तोंवर तें चालू होतें.

पण उपनिधीची खरी खूण ती बंद असणें ही आहे. आजही अशी सोय आहे कीं, मजकूर आपल्या यंत्रावरच कुलूपबंद होऊन बाहेर पडतो आणि राखणदाराला तो वाचतां येत नाहीं. येथें एक अवघड गांठ आहे. पासवर्ड विसरल्यावर ज्यानें तो आपल्याला उघडून द्यावा असें आपण म्हणतों, त्याला तो आपल्या पाठीमागेंही उघडतां येणारच. आणि ज्याला कधींच उघडतां येणार नाहीं, तो आपल्या विस्मृतीच्या दिवशीं आपल्या उपयोगीं पडणार नाहीं. राजाचें प्रकरण तर वेगळेंच. सरकारनें अशा बंद मजकुरांत प्रवेश मागितल्याचें वृत्त आल्यानंतर ॲपल कंपनीनें ब्रिटनमधील नव्या ग्राहकांना हें अधिक कडेकोट कुलूप देणें फेब्रुवारी २०२५ मध्यें बंद केलें. गुप्तता आणि हयगय या दोन्हींची मोकळीक एकदम मिळावी असें मागणें म्हणजे आरंभीं सांगितलेल्या दोन इच्छांचीच पुनरावृत्ति होय. जो माणूस किल्ली जपण्याचे श्रम घेणार नाहीं, त्यानें कुलूप दुसऱ्याच्या हातीं आहे म्हणून रडणें शोभत नाहीं.

यावरून ठेव ठेवणाऱ्याचाही कांहीं धर्म आहे हें दिसून येईल. त्याला फार मोठ्या विद्येची गरज नाहीं. जें खरोखर मोलाचें आहे त्याची एक स्वतंत्र प्रत, कोणाशींही न जुळणारी, कोणाच्याही पुसण्यानें न पुसली जाणारी, आपल्या घरीं ठेवावी आणि वर्षांतून एकदां ती उघडून पाहावी. सगळेंच राखण्याचा हव्यास धरूं नये. हजार चित्रांतून दहा निवडणें हा यंत्राला सोंपविण्याचा व्यवसाय नव्हे, कारण ती निवड म्हणजेच आपली आठवण होय. आणि आपल्या पश्चात् किल्ली कोणाकडे जाईल हें सांगून ठेवावें. दोन वर्षें कोणीं न उघडलेलीं खातीं त्यांतील मजकुरासह काढून टाकण्याची मुभा गूगलनें डिसेंबर २०२३ पासून आपल्याकडे घेतली आहे. मृताचें खातें कोण उघडणार? दुःखाचीं दोन वर्षें लवकर जातात. २०२३ च्या आपल्या कायद्यानें निदान आपल्यामागें हे हक्क चालविणारा मनुष्य नेमण्याची तरतूद केली आहे. घरीं वारसपत्र भरतांना तिचीही आठवण ठेवावी.

परंतु या सर्वांहून एक गोष्ट आम्हांस महत्त्वाची वाटते, आणि तिची चर्चा कोठेंच होत नाहीं. आपण राखणदार म्हणतों तेव्हां समुद्रापलीकडच्या कंपनीकडे बोट दाखवितों. घरांतला राखणदार कोणाला दिसत नाहीं. आईचा मोबाईल प्रथम कोणीं सुरू करून दिला? ‘मान्य आहे’ या शब्दावर तिच्या वतीनें बोट कोणीं ठेवलें? तिचा पासवर्ड कोणाला ठाऊक आहे? बहुतेक घरांत हें काम मुलगा, भाचा किंवा शेजारचा कॉलेजांत जाणारा विद्यार्थी पांच मिनिटांत उरकतो, आणि त्या पांच मिनिटांत एका वृद्ध स्त्रीचीं सर्व पत्रें, छायाचित्रें आणि गुजगोष्टी कोठें राहतील, कोणाच्या यंत्रावर उतरतील आणि कशानें नष्ट होतील हें ठरून जातें. तिला त्यांतलें एक अक्षरही विचारलेलें नसतें. स्मृतिकारांची भाषा वापरावयाची तर खरी ठेव येथें ठेवली गेली. कंपनी ही पुढची पायरी. वर सांगितलेल्या घरांतल्या मुलाला कायदा कांहीं विचारणार नाहीं. परंतु ‘येथें पुसलेंस तर ताईकडचेंही जाईल’ हें एक वाक्य तो आईला सांगूं शकला असता, आणि तें सांगण्यास यंत्रशास्त्राची जरूर नव्हती, थोडी सवड पाहिजे होती.

ज्ञान ज्याच्यापाशीं आहे त्याच्याकडे, तो मागो वा न मागो, दुसऱ्याची ठेव आपोआप चालत येते. वैद्याकडे ती रोग्याच्या विश्वासानें येते, वकिलाकडे अशिलाच्या. आणि नव्या यंत्रांच्या या काळांत ती घरांतल्या जाणत्या तरुणाकडे वडीलमाणसांच्या विश्वासानें आलेली आहे. कंपन्यांना कायद्यानें बांधावें, त्यांच्याकडून आपलें तें आपलें म्हणून परत घेण्याचा हक्क मिळवावा, यांत शंका नाहीं. तो लढा पुष्कळ वर्षें चालेल. पण जो धर्म आज संध्याकाळीं पाळतां येण्यासारखा आहे तो घरांतलाच आहे. वडिलांच्या शेजारीं बसावें, त्यांचें काय कोठें आहे हें त्यांना समजेल अशा शब्दांत सांगावें, काय राखावयाचें हें त्यांनाच विचारावें, आणि जें ते राखा म्हणतील त्याची एक प्रत काढून त्यांच्या हातीं द्यावी.